वरचा गट

संघातल्या मुली ताईंना भिंत म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर ताई. तरुणपणी त्या आपल्या देशाच्या गोलकीपर होत्या. आइस हॉकीतली ती टणक काळी चकती त्यांच्या अंगावर आपटून आली तशी परत जायची, म्हणून हे नाव पडलं. पुढे खेळ सुटला, नाव मात्र चिकटून राहिलं. आता त्या संघटनेत काम करायच्या, आणि महिलांची पात्रता स्पर्धा यंदा गावात भरली ती त्यांच्याच खटपटीमुळे. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, मिळवण्यापासून पाहुण्या संघांचे ओले कपडे वाळत घालायला खोली शोधण्यापर्यंत सगळं त्यांच्या गळ्यात होतं.

या खेळात देशांची उतरंड असते. अगदी वरच्या गटात बडे देश; विश्वविजेतेपदासाठी तेच झुंजतात. बाकीचे खाली, एकाखाली एक गटांत. प्रत्येक गटाची दरवर्षी वेगळी स्पर्धा होते. पहिला येईल तो एक गट वर चढतो, शेवटचा एक गट खाली घसरतो. ताईंचा देश कित्येक वर्षं एकाच गटात रुतून बसला होता. वर जाता येईना आणि खाली पडवेना, असला प्रकार.

आणि त्या संघाची कॅप्टन होती ताईंची मुलगी.

तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, हा मोसम खेळ, मग ऑपरेशन, आणि मग बर्फावर पाय ठेवायचा नाही. ती सामन्याआधी गुडघा आवळून बांधायची आणि सामन्यानंतर बादलीभर बर्फात बुडवून बसायची. "दिवसभर बर्फावर आणि संध्याकाळी बर्फात," असं स्वतःच म्हणायची आणि हसायची. आईला ते हसू बघवत नसे.

स्पर्धेत चार संघ होते: यजमान लाल, शिवाय निळा, पिवळा आणि हिरवा. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. वेळेत जिंकलं तर तीन गुण. बरोबरी झाली तर जादा वेळ, त्यात जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्याला एक. शेवटच्या दिवशी यजमानांनी दुपारी हिरव्यांना हरवलं आणि त्यांचे सात गुण झाले. निळ्यांचे पाच होते. त्यांचा संध्याकाळचा सामना पिवळ्यांशी होता. निळे जादा वेळेत जिंकले तरी सात-सात होणार होते, आणि समोरासमोरच्या सामन्यात त्यांनी लालला हरवलेलं होतं. म्हणजे निळे कसेही जिंकले तरी तेच वर जाणार. हरले, तर लाल.

दुपारचा सामना संपल्यावर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी नेहमीसारखी फिरवली, आणि तिच्यामागे गोलपाशी एक काळपट ओला डाग उमटला. डाग पसरत गेला. रिंकचा मिस्त्री बर्फावर आडवा झाला, कान लावला, हाताने चाचपलं. सगळे त्याला थंडोबा म्हणत. तो ताईंच्या खेळण्याच्या काळापासून तिथे होता.

"खालची गारव्याची नळी फुटली," तो उठत म्हणाला. "बर्फ धरणार नाही. आज तरी नाहीच."

वरच्या ऑफिसात खुर्च्या कमी आणि माणसं जास्त झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेने पाठवलेले निरीक्षक, एक वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ, टेबलाच्या टोकाशी बसले होते. निळ्यांची प्रशिक्षक खिडकीपाशी उभी होती. पिवळ्यांचा प्रशिक्षक घड्याळाकडे बघत होता. त्याला काही मिळवायचंही नव्हतं आणि गमवायचंही.

"उद्या सकाळी दोन्ही संघांची विमानं आहेत," निरीक्षक म्हणाले. "आज सामना झाला नाही, तर झालेल्या सामन्यांवरच निकाल लावावा लागेल. नियम तसा आहे."

"म्हणजे यजमान वर," निळ्यांची प्रशिक्षक म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "आमच्याकडे रिंक एकच, तेही हिवाळ्यापुरतं. उरलेलं वर्ष माझ्या मुली पार्किंगच्या डांबरावर चाकांचे बूट घालून सराव करतात. हरलो असतो तर मुकाट घरी गेलो असतो."

मग निरीक्षक ताईंकडे वळले. "जवळपास दुसरं रिंक आहे का? कागदोपत्री तरी मला दिसत नाही."

"बघून सांगते," ताई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

बघायची खरं तर गरज नव्हती. शेजारच्या गावातलं सराव केंद्र बरीच वर्षं बंद होतं, ते आताच पुन्हा चालू झालं होतं. बर्फ धरला होता, कुंपण आणि काच बसली होती. संघटनेच्या नोंदीत अजून चढलं नव्हतं, एवढंच. ताई स्वतः जाऊन बघून आल्या होत्या, थंडोबाला सोबत घेऊन.

थंडोबा जिन्यापाशी हात पुसत उभा होता. "ताई," तो हलकेच म्हणाला, "ते विचारतायत ना?"

"हो."

"मी काही बोलणार नाही. तुम्हीही नाही बोललात, तर खोटं बोलल्यासारखं होत नाही. नळी काय आपण फोडली?"

खाली लाल संघाच्या खोलीत गाणं चाललं होतं. बातमी कानोकानी पोचली होती. कुणीतरी बादली बडवत होतं, आणि त्या गोंगाटात ताईंना मुलीचा आवाज ओळखू आला. लहानपणापासून बेसूर, आणि सगळ्यांत मोठा. कठडा धरून त्या तशाच ऐकत राहिल्या. गप्प बसणं इतकं सोपं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग त्या आत गेल्या आणि सराव केंद्राचं सांगितलं.

निरीक्षकांनी दोन-चार फोन केले, डॉक्टर आणि पंचांची सोय विचारली आणि मान डोलावली. निळ्यांची प्रशिक्षक आपल्या मुलींना तयार करायला धावतच बाहेर पडली. आभार मानायचं तिला सुचलं नसावं.

मुलीला सांगायला दुसऱ्या कुणाला पाठवणं ताईंना पटेना. त्यांनी तिला खोलीबाहेर बोलावलं. ती हसतच आली, केस ओले, गुडघ्याला पट्टा.

"सामना होणार आहे," ताई म्हणाल्या. "सराव केंद्रावर."

"ते बंद आहे ना?"

"चालू झालंय."

"कुणाला माहीत होतं?"

"मला. आणि थंडोबाला."

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं. "तू सांगितलं नसतंस, तर?"

"तर आपण वर गेलो असतो."

"आई, मला पुढचं वर्ष नाहीये."

"माहीत आहे गं."

"माहीत आहे!" ती म्हणाली. ताईंनी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला आणि आत गेली.

अडचणी तिथेच संपल्या नाहीत. पाहुण्यांची बस हिरव्या संघाला सोडायला विमानतळावर गेली होती. हाताशी एकच बस होती, यजमानांची, आणि तिच्यात लाल संघाचं सामान भरलेलं होतं. सराव केंद्रावर गोलच्या जाळ्याही धड नव्हत्या. इथल्याच न्यायला हव्या होत्या. ताई कुणाला काय सांगावं या विचारात असतानाच मुलगी बाहेर आली, बसपाशी गेली आणि पिशव्या खाली ओढायला लागली.

"कॅप्टन, आपल्याच बसमधून त्यांना न्यायचं?" संघातली एक जण कळवळून म्हणाली.

"मग काय चालत जातील? ये, जाळी धर तिकडून."

सराव केंद्रावर बसायला जागा नव्हती. लोक काचेला नाक लावून उभे होते, तोंडातून वाफा निघत होत्या. पिवळ्यांनी आधी गोल केला, तेव्हा लाल मुलींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. दुसऱ्या सत्रात काहीच घडलं नाही. शेवटच्या सत्रात निळ्यांनी बरोबरी साधली. जादा वेळ सुरू झाला, नियमाप्रमाणे बर्फावर खेळाडू कमी झाले आणि मैदान एकदम मोठं दिसायला लागलं. निळ्यांच्या एका बुटक्या मुलीने चकती हिसकावली, एकटीच धावत गेली आणि गोलकीपरच्या पायांमधून आत ढकलली. जादा वेळेत पहिल्याच गोलला सामना संपतो, तसा तो संपला.

ताई एका टोकाला होत्या, मुलगी दुसऱ्या. ती रडली नाही. काचेवरचा हात काढून तिने बोटं फुंकून गरम केली आणि आपल्या मुलींना रांगेत उभं केलं, हात मिळवायला.

बक्षीस यजमानांच्या वतीने ताईंनाच द्यायचं होतं. त्यांनी ते दिलं. दुसऱ्या क्रमांकाचं पदक मुलीच्या गळ्यात घालताना दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"आपल्याच पायावर धोंडा!" संघटनेच्या बैठकीत एक जण म्हणाला, आणि बाकीच्यांनी त्याला आवरलं नाही. पदाधिकाऱ्यांच्या पुढच्या निवडीत ताईंचं नाव वगळलं गेलं. त्यांनी कारण विचारलं नाही. निळा संघ वरच्या गटात गेला, तिथे सपाटून मार खाल्ला आणि वर्षभरात परत खाली आला. तेवढ्यासाठीच का, असं लोक ताईंना विचारत. ताई म्हणत, "गेले तर होते ना."

स्पर्धेनंतर मुलगी काही दिवस मैत्रिणीकडे राहिली होती. ऑपरेशनच्या दिवशी मात्र फोन आला: ये. ताई गेल्या. पलंगाशेजारी बसून त्यांनी सफरचंद सोललं, फोडी केल्या. एकाही फोडीला कुणी हात लावला नाही.

"मला अजून राग आहे," मुलगी म्हणाली.

"असू दे."

"आणि बस मी तुझ्यासाठी दिली नाही. तसं समजू नकोस."

"मग?"

"त्यांचा सामना राहिला होता," ती म्हणाली.

संध्याकाळी नर्स आली आणि म्हणाली, चार पावलं चालायचंय. मुलीने ओठ आवळले. ताईंनी तिच्या काखेखालून हात घातला. या वेळी तिने तो सारला नाही. सगळा भार त्यावर टाकला आणि पाय जमिनीला लावला.