शेजारच्या घरातलं मत

माणसाला त्याचं स्वतःचं मत विचारू नये, हे सावळीराम पहिल्या चार घरांतच शिकला.

रावजी वकील निवडणुकीला उभे होते. सदतीस सालच्या माघात मुंबईच्या कायदेमंडळासाठी मतदान व्हायचं होतं, आणि आपल्याला किती मतं पडतील हे वकिलांना आधीच हवं होतं. सावळीराम तांब्यापितळेच्या दुकानातली भांडी घरोघर पोचवायचा, त्यामुळे त्याला सगळ्या आळ्या पाठ होत्या. वकिलांनी त्याच्या हाती छापील यादी दिली. चारशे बारा नावं. पहिल्या घरी त्यानं सरळ विचारलं, "मत कोणाला?" घरधनी म्हणाला, "वकीलसाहेबांना! दुसरं कोणाला?" दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी गेणू शिंप्यानं चहा पाजून तेच सांगितलं, आणि सावळीराम पायरी उतरतो न उतरतो तोच विरुद्ध पार्टीच्या माणसाला त्याच कपबशीतून चहा पाजून त्यालाही तेच सांगितलं. लोक खोटारडे होते असं नाही. दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं नाशकात कोणाला जमत नाही, एवढंच.

मग सावळीरामनं रीत बदलली. ज्याचं मत हवं त्याला विचारायचंच नाही, त्याच्या शेजाऱ्याला विचारायचं. "काय हो, शेजारच्या घरातलं काय म्हणणं?" एवढं म्हटलं की लोकांची तोंडं जी सुटत, ती आवरायची पंचाईत. शिंप्याचं मत त्याला पलीकडच्या लंकाबाईनं सांगितलं. "गेणू? तो कसला देतोय वकिलाला! त्याच्या साडूला वकिलानं कोर्टात उभा-आडवा सोलला होता." लंकाबाईच्या नवऱ्याचं मत गेणूनं सांगितलं, आणि वर त्याच्या बद्धकोष्ठाचीही हकीकत सांगितली. सावळीराम नावापुढं खुणा करत जाई. आपला असेल तर गोल, त्यांचा असेल तर फुली, नक्की नसेल तर टिंब, आणि माणूस मेला असेल तर नावावरून आडवी रेघ.

दिवाळीपर्यंत पहिली फेरी झाली. म्युनिसिपालिटीची एक पोटनिवडणूक मध्येच आली, तिथं त्याचा अंदाज सात मतांनी चुकला, फक्त सात. वकिलांची कचेरी चालवणारा भिमाजी तेव्हापासून सांगत सुटला, की हा गडी मतं मोजत नाही, वासानं ओळखतो.

दोनशे सात आणि दोनशे आठ ही नावं सावळीरामच्या स्वतःच्या घरातली. सात तो, आठ त्याची बायको कुसाबाई. लिहितावाचता येणाऱ्या बायकांना अर्ज करून नाव घालता येत होतं. कुसाबाई चौथी शिकलेली. तिनं अर्ज स्वतः लिहिला होता आणि सही करताना नावाखाली रेघसुद्धा ओढली होती. सावळीराम खुणा करायला बसला तेव्हा ती समोर मेथी निवडत होती. "आणि माझं?" तिनं विचारलं. "घरच्या माणसाला काय विचारायचं," असं म्हणून त्यानं दोन गोल काढले आणि पान उलटलं. ती मेथी जरा जास्तच वेळ निवडत बसली.

मार्गशीर्षात ती तापानं गेली. नऊ दिवस ताप होता. नवव्या दिवशी सकाळी अंग थोडं निवलं, म्हणून सावळीराम पेठ नाक्यापलीकडची टिंब पडलेली घरं पुन्हा विचारायला गेला. चार वाजता परत आला तेव्हा दारात बायका जमल्या होत्या. ती दोनलाच गेली होती. त्या वेळी तिच्याजवळ एकटी धोंडाबाई होती, भिंतीला भिंत लागून राहणारी.

त्यानंतरचं सगळं रीतसर झालं. नांदगावची लेक आली, रडली, तेरावा करून परत गेली. सावळीराम रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. कसला धीर! आत काही हलतच नव्हतं, तर रडणार काय? तो उठे, आंघोळ करी, पानात पडेल ते खाई. लेक असताना एकदा आळणी आमटी पानभर खाल्ली आणि त्याला पत्ताही लागला नाही, मागून लेकीनं स्वतःच्या तोंडात घास घातला तेव्हा ती ओरडली. दुःख होतंय असंही म्हणवेना. दाढ काढल्यावर गालाला हात लावावा आणि तो गाल आपला वाटू नये, तसं त्याला सगळंच झालं होतं.

एकच गोष्ट तो टाळत होता. धोंडाबाईच्या दारावरून जायचं. कुसा शेवटी काय म्हणाली, काही म्हणाली का, हे त्या एका बाईला ठाऊक होतं. चारशे घरांना विचारत हिंडणारा माणूस, आणि एका भिंतीपलीकडं विचारायला त्याची जीभ उचलत नव्हती. महिना झाला, तो मागच्या बोळानं जा-ये करत होता. ते कळलं तर काय होईल याची त्याला भीती होती, आणि कळलं नाही तर उरलेला जन्म काढायचा कसा, तेही समजत नव्हतं.

पौषात दुसरी फेरी आली. सगळी नावं पुन्हा विचारून यायची होती. सावळीरामनं पंधरा दिवसांत चारशे दहा नावं उरकली आणि कागद कचेरीत नेऊन ठेवले. भिमाजीनं बोट फिरवत पाहिलं.

"सात आणि आठ कोरी कशी?"

"राहिलीत."

"अरे, तुझंच घर ना हे?" भिमाजी म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं आवाज उतरवला. "सातवर गोल काढ. आठवर रेघ मार. झालं. वकीलसाहेब संध्याकाळी बेरीज मागताहेत."

सावळीरामनं पेन्सिल उचलली. पहिल्या फेरीच्या कागदावर आठ नंबरपुढं त्यानं काढलेला गोल होता, छान वाटोळा. तो खरा होता की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. चारशे दहा माणसांचं विचारून लिहिलं होतं, हिचं न विचारता. खोट्या खुणेवर रेघ मारून तिचं नाव कसं मिटवायचं?

"विचारून येतो," तो म्हणाला.

"कोणाला विचारतोस आता?"

"शेजारी."

भिमाजीनं दोन्ही फेऱ्यांचे कागद त्याच्याकडं सरकवले.

दुपारची वेळ होती. धोंडाबाई उंबऱ्यात बसून सुपात तूर पाखडत होती. धोंडाबाईला मत नव्हतं. तिच्या नावावर घर नव्हतं आणि अक्षरओळखही नव्हती, पण आळीतल्या यच्चयावत माणसांची मतं तिला तोंडपाठ होती. पहिल्या फेरीत सावळीरामनं निम्मी आळी तिच्याच तोंडून लिहून घेतली होती. त्याला पायरीशी पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

सावळीरामनं जे पाठ होतं तेच म्हटलं.

"काय हो धोंडाबाई, शेजारच्या घरातलं काय म्हणणं?"

धोंडाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग ती हसली नाही की रडली नाही, रीतसर उत्तर द्यायला लागली.

"दोन मतं हायेत त्या घरात. कुणाचं आधी सांगू?"

"बाईचं."

"बाईचं फुली मारा. वकिलाला नव्हती देणार ती."

"का?"

"वकील आले होते ना तुमच्याकडं दसऱ्याला? चहा घेतला, यादी बघितली, 'हे तर घरचंच मत' म्हणले आन् गेले. तिच्याकडं बघितलंसुदिक नाय. तवा मला म्हणली, धोंडे, मी दुसऱ्याला देणार, मग तो कुणी का असंना." धोंडाबाईनं पदर सारखा केला. "तुम्हाला सांगणार होती. म्हणायची, विचारतील तवा सांगन. भांडण झालं तर झालं."

सावळीरामनं पायरीवर बसून पहिल्या फेरीचा गोल खोडला आणि शेजारी फुली मारली. वकिलांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा आपण मान डोलावली होती, हे त्याला आठवलं. आठवलं, पण कुठं लागलं नाही.

"आन् पुरुषाचं?" धोंडाबाईनंच विचारलं. "त्याचं नाय लिवायचं?"

"सांगा."

"त्याचं टिंब काढा. तो मत द्यायला जाईल असं मला वाटत नाय. महिना झाला, भिंतीपलीकडून काय बी ऐकू येत नाय. भांडं वाजत नाय, खोकला नाय, रडणं नाय. मी कान लावून बसते भाऊ, माणूस हाय का गेला म्हणून."

सावळीरामनं सात नंबरपुढं टिंब काढलं. काम संपलं होतं. उठायला हवं होतं. तो उठला नाही. पेन्सिल बोटात फिरवत त्यानं खाली मान घालून विचारलं, इतकं हळू, की धोंडाबाईला पुढं वाकावं लागलं.

"शेवटी काही म्हणाली का?"

धोंडाबाईनं तुरीतला एक खडा काढून लांब टाकला.

"सकाळी म्हणले होते मी, बोलावून आणू का. नको म्हणली. म्हणली, दुपारी लोक घरात घावतात, त्यांचं काम होऊन जाऊ दे. मग दोनच्या आधी तुम्हाला हाक मारली. 'अहो' म्हणून. मी म्हणलं, येतीलच आता. परत मारली. लय लांबून आल्यावानी आवाज हो. मला नाय राहवलं. मीच ओ दिली."

"तुम्ही?"

"जरा घोगरा आवाज काढून. म्हणलं, 'ओ.' तर डोळे मिटूनच म्हणली, 'आलात?'"

"मग?"

"मग काय? म्हणलं, 'आलो.'"

समोरच्या पायरीवरून ऊन सरकत होतं.

"तिला कळलं असेल?" त्यानं विचारलं. "की तुम्ही होता ते?"

शेजारच्या घराचं विचारल्यावर धोंडाबाई आजवर कधी खोटं बोलली नव्हती. आताही तिनं ते केलं नाही.

"अठरा वर्सं शेजारी होतो, भाऊ. माझा आवाज तिला नाय कळणार? पण डोळे नाय उघडले तिनं. तुम्हीच आलात असं धरून चालली."

सावळीरामच्या घशातून एक आवाज निघाला. तो कसला ते त्याला स्वतःलाही कळलं नाही, इतके दिवस तो तिथं होता हेही नाही. त्यानं घाईनं यादी गुडघ्यावर घेतली. आठ नंबरवर आडवी रेघ मारायची राहिली होती. पेन्सिल टेकवली, पण ओळी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या आणि कुसाचं नाव कुठलं ते दिसेना. डोळे पुसले तरी दिसेना. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा धोंडाबाई उंबऱ्यातून उठून खाली पायरीवर त्याच्याजवळ येऊन बसली आणि तिनं त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"मला लिवता येत नाय," ती म्हणाली, "पण रेघ येती. कुठं मारायची, बोट ठेवा."

सावळीरामनं चाचपडत बोट ठेवलं.