एकोणीस नंबरची चौकी

आमचं देखरेख मंडळ पोलीस आयुक्तांच्या बरोबर वरच्या मजल्यावर आहे. टंकलेखक नेहमी म्हणायचा, "बाई, आपण पोलिसांच्या डोक्यावर बसलोय, पण फक्त जिन्याने!" त्यात खोटं काही नव्हतं. कागदावर सगळी उतरंड नीट होती. अठरा चौक्यांवर चार ठाणी, ठाण्यांवर दोन उपायुक्त, त्यांच्यावर आयुक्त आणि आयुक्तांवर पाच नागरिकांचं आमचं मंडळ. अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. मी मंडळाची नोंदणी लिपिक.

चौक्या अठरा, पण रोजच्या तक्त्यात रकाने एकोणीस. एकोणिसावी चौकी रस्ता रुंद झाला तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी, बंद झाली. तिच्या प्रमुखाची ताबा सोडल्याची सही कधी वर पोचली नव्हती आणि त्या सहीवाचून चौकी कागदावरून काढता येत नव्हती. आयुक्त म्हणायचे मंडळाने काढावी, मंडळ म्हणायचं आयुक्तांनी काढावी. फाईल जिन्यावरून वरखाली करत राहिली.

रोज सव्वानऊला चौक्या फोनवर आकडे कळवत: हजर किती, कोठडीत किती, विशेष काय. एकोणीसचा फोन येणार कुठून? पण रकाना रिकामा दिसला की आयुक्तांकडून तक्ता परत यायचा. म्हणून माझ्या आधीच्या बाई आदल्या दिवसाची ओळ उतरवून काढत आणि मला त्यांनी तेच शिकवलं. हजर दोन, कोठडीत एक, विशेष काही नाही. सहा वर्षं मी हेच लिहिलं. सकाळी देवाचं नाव घेतल्याशिवाय मी पाणी पीत नाही आणि दिवसभरात खोटं बोलायचं नाही हा माझा नेम. ऑफिसात माझ्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. आणि मी मनाची समजूत घालायची की मी बोलत कुठे आहे, नुसती उतरवते आहे.

त्या मंगळवारी एक बाई आली. चाळिशीची, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेली.

"ताई, आमच्या ह्यांना नेलंय. चार दिवस झाले. घड्याळं दुरुस्त करतात हो, मुंगीलासुद्धा दुखवायचे नाहीत. दोघं आले, म्हणाले, जरा चौकीपर्यंत चला. ठाण्यात गेले तर म्हणतात, आमच्याकडे असं कोणी नाही."

"कुठली चौकी?"

"एकोणीस."

टंकलेखक हसला. "वहिनी, ती चौकी देवाघरी गेली."

तिने मुठीतली चिठ्ठी टेबलावर ठेवली. कोठडीत घेतल्याची पावती होती. नाव, वेळ आणि खाली एकोणीस नंबरचा शिक्का, अजून ओला वाटावा इतका ठसठशीत. टंकलेखकाचं हसू तिथेच थांबलं.

"ही कोणी दिली?"

"मी मागोमाग गेले होते. दार किलकिलं झालं आणि हात बाहेर आला. नुसता हात."

नियम असा, की तक्रार ज्या चौकीची, त्याच चौकीकडे खुलाशासाठी जाते. पंधरा दिवसांची मुदत. गुरुजींनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "नियमाप्रमाणे खाली पाठवा," म्हणाले. कुठे खाली पाठवणार? मी हळूच म्हटलं, "गुरुजी, मंडळाला अचानक भेटीचा अधिकार आहे. मी जाऊन येऊ का?"

"जा. नसलेल्या चौकीच्या पाहणीला कोण आडवं येणार?" त्यांनी पत्रावर सही केली. "रिक्षाचे पैसे मात्र मिळायचे नाहीत हं."

त्या बाईला बरोबर घेऊन मी चालतच गेले. टायरचं दुकान आणि कुलूप लावलेलं गोदाम यांच्या मधे निळं दार होतं. या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन, पण तिथे दार पाहिल्याचं काही आठवेना. टायरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "दार? भिंत आहे ताई ती." आणि पुन्हा कामाला लागला.

मी दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. बाई, तुम्ही या."

"ताई, त्यांना घेऊनच या हं," ती म्हणाली.

आत दोन खुर्च्या, एक टेबल, एक गजांची कोठडी. धुळीचा कण नाही. कोपऱ्यात एक शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा. टेबलामागे चौकीप्रमुख, जुन्या पद्धतीचा गणवेश, केस नीट विंचरलेले. त्याच्या मागे फळा होता. हजर दोन, कोठडीत एक, विशेष काही नाही. अक्षर माझं होतं. माझ्या 'ह'ची शेपटी जरा लांब जाते, तीही तशीच.

"बसा," तो म्हणाला. "फार वर्षं वाट पाहायला लावलीत."

मी पत्र पुढे केलं. "या माणसाला का आणलंत? गुन्हा काय?"

"गुन्हा कसला? तक्त्यात एक लागतो. आधीचा मागच्या आठवड्यात गेला."

"सुटला?"

"गेला," तो शांतपणे म्हणाला. "कोठडी रिकामी राहिली असती तर तुमचा तक्ता खोटा ठरला असता. तुम्ही खोटं लिहीत नाही, सगळं शहर सांगतं. वरून जे येतं ते खरं करणं आमचं काम."

"आधीचा" म्हणजे किती जण, हे विचारायची हिंमत झाली नाही. गजांमागे घड्याळजी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तो हळूच म्हणाला, "बाई, आमची ही बाहेर आहे का?"

"आहे," मी म्हटलं. मग प्रमुखाकडे वळले. "माझं चुकलं. न विचारता लिहीत गेले. आता शून्य लिहा आणि याला सोडा."

"एकदा जरी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण सोडायचा अधिकार माझ्याकडे नाही. माझी मुदत अकरा वर्षांपूर्वीच संपली. नवा प्रमुख ताबा घेईल, काय ते तो ठरवेल."

त्याने वही माझ्यासमोर सरकवली. 'ताबा दिला' या शब्दांपुढे त्याची सही आधीच होती, शाई जुनी पडून तपकिरी झालेली. 'ताबा घेतला' या शब्दांपुढे कोरं.

मला सगळं कळत होतं. घरी कुणी वाट पाहणारं नव्हतं, आणि बाहेर एक बाई चार दिवस पाहत होती. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि सही केली.

प्रमुख उठला. टोपी काखेत धरली, लहान मुलासारखा हसला आणि दारातून निघून गेला. पावलांचा आवाज आला नाही. किल्ली टेबलावरच होती. मी कुलूप काढलं. घड्याळजी भिंतीला धरत उठला.

कोपऱ्यातला शिपाई तोंड न वळवताच म्हणाला, "बाई, आजचा आकडा?"

"कोठडीत कोणी नाही," मी म्हटलं. गेल्या सहा वर्षांत पहिल्यांदा मी तो आकडा डोळ्यांनी पाहून सांगत होते.

त्याने फळा पुसला.

घड्याळजी दारापाशी थांबला. "बाई, तुम्ही?"

मी उंबरठ्यापर्यंत गेले. पुढे पाऊल पडेना, जमिनीने धरून ठेवल्यासारखं. "तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "जपून जा. टायरच्या दुकानावरून डावीकडे वळलात की मोठा रस्ता लागेल."

त्याची बायको धावतच आली. त्याचे दोन्ही हात धरून रडली, मग हसली, मग त्याच्या सदऱ्याच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. तो मागे वळून माझ्याकडे पाहत म्हणाला, "बाई, फार उपकार झाले."

"कुणाशी बोलताय?" तिने दारातून आत डोकावत विचारलं. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर सरळ मागच्या भिंतीवर गेली. "आत कोणी नाही. चला, पाय उचला."