दुसरी सही

पेडण्याच्या विवाह नोंदणी कचेरीतल्या बाकावर सुमंगलाबाई दोन वाजल्यापासून ठाण मांडून होत्या. शेजारी भाग्यलक्ष्मी. गोव्यात लग्नाला दोन सह्या लागतात. पहिलीने इच्छा नोंदवायची, काही दिवसांनी दुसरी केली की लग्न कायद्याने पक्कं. लोक काय करतात, देवळात अक्षता पडल्या की दुसरी विसरतात, आणि उद्या नवऱ्याने हात वर केले की बाईजवळ फोटोंखेरीज काही नसतं. सुमंगलाबाईंनी डिचोलीच्या कॉलेजात तीस वर्षं मराठी साहित्य शिकवलं, पण लोकांत त्यांची ओळख एकच, जोडप्यांच्या मागे लागून ती करवून घेणारी, दुसऱ्या सहीची बाई. कचेरीत सगळ्यांना त्या हव्या असत. लग्नाच्या जेवणाला मात्र कोणी बोलवत नसे. घरात भांडणं लावील म्हणे.

आज दुसऱ्या सहीच्या मुदतीचा शेवटचा दिवस आणि भाग्यलक्ष्मीच्या नवऱ्याचा, सगुणचा पत्ता नव्हता. मोप्याच्या विमानतळावर त्याची नोकरी. फोन लागत नव्हता. अक्षता पंधरवड्यापूर्वीच पडल्या होत्या.

"येतलो तो, बाई," भाग्यलक्ष्मी चौथ्यांदा म्हणाली.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी असल्याच बाकावर कृष्णनाथ त्यांच्यासाठी दिवसभर बसला होता. दोघांची पहिली सही झालेली. दुसरीच्या दिवशी सकाळी निरोप आला, इब्रामपूरच्या बाबलीला नवऱ्याने तान्ह्या पोरासकट घराबाहेर काढलंय. बाई तिकडे धावल्या. परतल्या तेव्हा कचेरीला कुलूप होतं. पुन्हा असा निरोप आला तर काय करशील, एवढंच कृष्णनाथाने दुसऱ्या दिवशी विचारलं. बाईंना खोटं बोलता येईना. तो बेळगावला गेला तो गेलाच. भाग्यलक्ष्मी त्याच बाबलीची नात. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण बाईंना कधी कोणी विचारलंच नाही.

पावणेपाचला सगुण धापा टाकत आला. बस वाटेत बंद पडली होती. बाईंनी त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं, पण त्याला पाहून त्यांचेच डोळे भरून आले. दोघांच्या सह्या झाल्या. मग साक्षीदार म्हणून बाई पुढे सरकल्या. कारकून नवा होता. त्याने नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढचा रकाना लग्नाचा.

"बाई, लग्न जालां मगे तुमचां?"

भाग्यलक्ष्मी नवऱ्याशी हसत काहीतरी बोलत होती.

"पयली सही जाली," सुमंगलाबाई म्हणाल्या.

कारकुनाने जरा वाट पाहिली आणि रकान्यात 'अविवाहित' लिहिलं.