चौथं झाड

"नाई देत," बनाबाई म्हणाली आणि उत्तमरावांच्या हातातली कुंडी काढून पुन्हा रांगेत ठेवली.

उत्तमराव गोंधळून बघत राहिले. सत्तरी गाठलेला माणूस, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, पायात गावाकडच्या जाड चपला. मे महिन्याच्या उन्हात चालत आल्यामुळे मानेवरून घाम ओघळत होता.

"काऊन? विकाले नाई का हे?"

"विकालेच हाये. पन तुमाले नाई. आंदी पहिल्या तिघाईचं काय झालं ते सांगा."

"मेले," उत्तमराव म्हणाले. जणू तिघं कोणी ओळखीचे होते.

बनाबाईने हातातला पाइप खाली ठेवला. मलकापूरला हायवेच्या कडेला हिरवी जाळी ताणून तिने ही नर्सरी उभी केली, त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी बावीस वर्षं ती सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काळ्या पिशव्यांत माती भरायची. रोपं मोठी झाली की ट्रक यायचा, घेऊन जायचा. कुठे गेली, जगली की मेली, हे तिला कधी कोणी सांगितलं नाही. तो प्रश्न तिच्या मनात तसाच राहून गेला होता. म्हणून आता गिऱ्हाईक आलं की ती आधी विचारायची, खिडकी कोन्या बाजूले हाये, कूलर कुठं ठेवता, पानी कोन घालते. काही जण चिडायचे. काही जण हसून उत्तरं द्यायचे आणि पुढच्या खेपेला झाडाची खबर घेऊन यायचे. तिला तेच हवं असायचं.

उत्तमरावांनी मार्चमध्ये पांढऱ्या फुलाची पीस लिली नेली होती. मग रंगीत पानांचं क्रोटन. मग मनीप्लांट.

"लिली मेली, समजलं. क्रोटनले ऊन लागते, तुमी अंधारात ठेवलं असंन, तेबी समजलं. पन मनीप्लांट?" बनाबाईने कमरेवर हात ठेवले. "मनीप्लांट मारायले लय मेहनत लागते, काका. अशी काय मेहनत केली तुमी?"

"मी काईच नाई केलं. सकाळी गिलासभर पानी घालतो, बस. वावरात चाळीस वर्सं भाजीपाला केला आमी, आमच्या गावी, उंद्रीले. दोघंबी. झाडाले पानी किती लागते ते मले नाई समजत का?"

"दोघं म्हंजे?"

"घरची. रुखमा." ते जरा थांबले. "तिले लकवा झाला, पोळ्याच्या आंदी. उजवं अंग गेलं अन् बोलनं गेलं. इथं पोराकडं आनलं, दवाखाना जवळ म्हनून. छताकडं पाहत पडून राह्यते दिवसभर. म्हनलं, हिरवं काईतरी डोयापुढं असावं. झाड आनलं त्या दिवशी मान वळवून पाह्यलं तिनं. पयल्यांदाच."

जाळीखाली बसलेल्या नवऱ्याला बनाबाईने हाक मारली, "दुकान पाहजा हो, मी आलीच," आणि पदर खोचून म्हणाली, "चाला काका. मले ते घर पाहू द्या."

---

उत्तमरावांचा मुलगा दीपक रेल्वेत होता, त्या वेळी ड्यूटीवर गेलेला. दार सुनेने उघडलं. सुचिता तिचं नाव, तिशीतली, हातात ओलं फडकं. नर्सरीवाली बाई घर बघायला आली हे ऐकून तिला हसू आलं, पण तिने आत घेतलं.

रुखमाबाईंची कॉट मधल्या खोलीत होती. न्हाणीघर जवळ म्हणून ती खोली निवडलेली. खिडकी नाही, वर फक्त एक झरोका. दिवसाही ट्यूबलाइट लावलेली. भिंतीला टेकलेल्या उशीवर एक बारीक, सावळी बाई पडून होती. तोंडाची उजवी बाजू जराशी ओघळलेली, पण डोळे लख्ख. डाव्या हाताशी स्टूल, स्टुलावर पाण्याची नळीवाली बाटली आणि शेजारी तो मनीप्लांट. पिवळा, मान टाकलेला.

"अंधार हाये, पन इतक्यानं मरत नाई," बनाबाई स्वतःशीच म्हणाली. तिने कुंडीत बोट घातलं. बोट थेट आत गेलं. नारळाच्या भुशाचा नुसता गाळ झालेला. तिने झाड अलगद उपसलं. मुळं काळी पडलेली, त्यांना कुजका वास.

"काका, हे गिलासभर पान्याचं काम नाई."

"देवाशप्पथ, एकच गिलास!"

"सुनबाई, तुमी घालता?"

"नाही मावशी. मी तर हातबी लावत नाही, बाबा रागावतात."

बनाबाई वाकली. कुंडीच्या कडेला मुंग्या होत्या. एक-दोन नाही, रांगच, स्टुलाच्या पायावरून वर चढून कुंडीत उतरणारी. घरातल्या कुंडीला अशी रांग तिने पाहिली नव्हती. इथे मुंग्यांचं काय काम? तिने चिमूटभर भुसा घेतला आणि जिभेवर ठेवला.

"अवं!" सुचिता ओरडली.

बनाबाईला त्यात काही विशेष नव्हतं. बोअरचं पाणी खारं आहे की नाही, हे ती मातीच्या चवीवरूनच ओळखायची. तिने चव घेतली, थुंकी पदराला पुसली आणि सुचिताकडे बघितलं.

"गोड हाये."

बनाबाईची नजर स्टुलावरच्या बाटलीवर गेली. आत फिकट नारिंगी पाणी होतं.

"याच्यात काय टाकता?"

"ग्लुकोज," सुचिता म्हणाली. "संत्र्याच्या चवीचं. डॉक्टरांनी सांगितलं, पानी भरपूर द्या. दोनदा ताप आला ना आईंना, लघवीचं इन्फेक्शन झालं. सलाईन लावावं लागलं. मी दिवसातून तीन बाटल्या भरते, तिन्ही संपतात. तरी डॉक्टर म्हनतात, यांच्या पोटात पानी जाऊन नाही राह्यलं. मीच खोटी पडते."

बनाबाईने कॉटकडे पाहिलं. रुखमाबाईंनी डोळे मिटून घेतले होते, पण डावा हात चादरीवर ताठ झाला होता.

"काका," बनाबाई सावकाश म्हणाली, "उन्हातून आली मी. घोटभर चहा भेटन का? अन् दूध नसंन घरात तं तुमीच आना. सुनबाईले आधन ठेवू द्या."

---

दोघं गेल्यावर बनाबाई कॉटशेजारी जमिनीवर बसली. मेलेल्या झाडाची पानं एक एक करून खुडत राहिली.

"माय," मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी बावीस वर्सं सरकारी नर्सरीत होती. आमी चौदा बाया. उघडं रान, चारीकडून मानसं. आडोसा कुठंच नाई. तं आमी काय करू? सकाळपासून पानीच नाई प्यायचो. बेचाळीस डिगरी उन्हात घागर भरलेली राह्ये, अन् आमी तिच्यातलं पानी रोपाईले घालो. साहेब म्हने, बाया लय कामाच्या हायेत, किती पानी देतात झाडाईले."

रुखमाबाईंनी डोळे उघडले.

"पेलं की जा लागते. म्हनून पेयाचंच नाई. तसंच हाये ना हे?"

रुखमाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बनाबाईला वाटलं, आपण जास्त बोललो. परक्या घरात, परक्या बाईला. ती उठायला लागली, तेवढ्यात रुखमाबाईंच्या डाव्या हाताने तिचा पदर धरला. पकड घट्ट होती. भाजीची जुडी बांधणाऱ्या हाताची असते तशी. भिंतीकडे वळलेला चेहरा तिला दिसत नव्हता.

दारात सुचिता उभी होती. हातात साखरेचा डबा. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

"आई," ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम चढला. "मी कधी तोंड वाकडं केलं का? एकदा तरी केलं का? माझ्या बाळंतपनात चाळीस दिवस माझं कोनं केलं सगळं? टाके उसवले, तेव्हा कोनं धुतलं मले? तेव्हा मी नाही म्हनलं का तुमाले?"

ती रागावली होती की रडत होती, ते बनाबाईला कळेना. सुचिताने डबा स्टुलावर आपटला, कॉटवर बसली आणि सासूचा डावा हात बनाबाईच्या पदरातून सोडवून आपल्या मांडीवर घेतला. रुखमाबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. सुचिताला मात्र तो समजला असावा, कारण ती म्हणाली, "हो, ते डायपर तुमाले आवडत नाही, माहीत हाये मले. मंग कॉटवर हात वाजवून सांगायचं. आपन खुर्ची आनू, भोकाची. कॉटच्या बाजूलेच ठेवू. अन् मधी पडदा लावू. बाबाईले बी नाही दिसनार."

उत्तमराव दुधाची पिशवी घेऊन आले तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. बनाबाईने त्यांना बाहेरच्या खोलीत थांबवलं आणि बाटलीतलं पाणी रुखमाबाई कुंडीत का ओतत होत्या, ते थोडक्यात सांगितलं. ते ऐकत राहिले. पिशवीतून थेंब थेंब दूध फरशीवर पडत होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"पन्नास वर्सं झाली लग्नाले," ते शेवटी म्हणाले. "अन् हे मले मुंग्याईनं सांगावं?"

---

दुसऱ्या दिवशी बनाबाई स्वतःच झाड घेऊन आली. उत्तमरावांना फुलाचं हवं होतं. तिने आणला स्नेक प्लांट. जाड, उभी, तलवारीसारखी चार पानं, कडेला पिवळी किनार. कुंडी मातीची, खाली भोक असलेली. आत भुसा कमी, रेती जास्त.

"हे झाड कमी उजेडात चालते," तिने तिघांनाही ऐकवलं. "हप्त्यातून दोन दिवस व्हरांड्यात ठेवा, सकाळच्या उन्हात. पानी पंधरा-वीस दिवसातून एकडाव. तेबी माती आतून कोरडी झाली तरच." मग ती रुखमाबाईंकडे वळली. "अन् माय, हे झाड लय चुगलखोर हाये बरं. ज्यादा पानी भेटलं की बुडातून नरम पडते. लगेच समजते. याच्याजवळ काई लपत नाई."

रुखमाबाईंच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. उत्तमरावांनी ते पाहिलं आणि घाईघाईने पंख्याचं बटन शोधायला लागले.

आता प्रश्न होता, माती कोरडी झाली की नाही हे ठरवायचं कोणी. बनाबाईने रुखमाबाईंचा डावा हात घेतला आणि तर्जनी कुंडीत रोवली. बाकी काही सांगावं लागलं नाही. बोट आत गेलं, थांबलं, जरासं फिरलं. डोळे कुठेतरी लांब बघत होते. मग त्यांनी बोट काढलं, अंगठ्यावर घासलं आणि मान हलवली. नाही. अजून ओल आहे.

त्या दिवसापासून ते काम त्यांचंच झालं. महिनाभरात सुचिताने बाहेरच्या दोन कुंड्या आणि तुळसही कॉटजवळ आणून दाखवायला सुरुवात केली. मान होकारार्थी हलली तरच पाणी. एकदा उत्तमरावांनी न विचारता तुळशीला पाणी घातलं, तर बाई दिवसभर त्यांच्याकडे बघेना. पाण्याच्या बाटल्या रोज संपत होत्या, आणि आता ते पाणी खरंच पोटात जात होतं. पडद्यामागून कॉटच्या लोखंडावर बांगडी वाजायची आणि सुचिता हातातलं काम टाकून यायची. ताप पुन्हा आला नाही. बोलणं काही परत आलं नाही, उजवा हातही तसाच राहिला. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं.

बनाबाई पंधरा दिवसांतून चक्कर मारायची. कामाचं निमित्त नसायचं. भादव्यात स्नेक प्लांटच्या बुडाशी मातीतून एक कोंब वर आला, टोकदार, पोपटी. तो रुखमाबाईंनी सगळ्यांत आधी पाहिला होता. बनाबाई आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून बोट तिथे टेकवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, तिला कळतंय की नाही ते बघत.

---

दिवाळीनंतर दोघा म्हाताऱ्यांनी उंद्रीला परत जायचं ठरवलं. मलकापूरचा, घाटाखालचा उन्हाळा पुन्हा नको, असं उत्तमराव म्हणत होते. खरं तर रुखमाबाईंनीच दाराकडे बोट दाखवून दाखवून ते ठरवून घेतलं होतं. सुचिता महिनाभर सोबत राहणार होती.

सकाळी दहाच्या सुमारास गाडी नर्सरीपाशी थांबली. रुखमाबाई पुढच्या सीटवर होत्या, इरकली लुगडं नेसलेल्या. दार उघडं ठेवलं होतं.

"तिले काईतरी न्यायचं हाये," उत्तमराव म्हणाले. "काय ते समजून नाई राह्यलं. तूच पाह्य."

बनाबाईने अॅग्लोनिमा आणला, लाल किनारीचा. मान हलली, नाही. सिंगोनियम आणलं. नाही. नुकतीच ट्रकने आलेली पीस लिली आणली, तीन फुलं असलेली. रुखमाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं बोट जाळीच्या पार मागच्या कोपऱ्याकडे होतं. तिथे शेतकऱ्यांसाठी ठेवलेले वांग्याच्या रोपांचे ट्रे होते.

बनाबाईने एक ट्रे आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. रुखमाबाईंनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि ट्रेच्या कडेवर ठेवला, वजन म्हणून, ट्रे हलू नये म्हणून. मग त्या कामाला लागल्या. एकेक रोप बोटाच्या चिमटीत धरून वर काढायच्या, मुळाकडे बघायच्या. चांगलं असलं की परत खळग्यात बसवायच्या, नाहीतर दाराबाहेर टाकून द्यायच्या. घाई नव्हती. हायवेवरून कापसाच्या गाड्या जात होत्या, धुरळा उडत होता.

"चाल आता रुखमा, उशीर होऊन राह्यला," उत्तमराव म्हणाले. रुखमाबाईंनी मान वर केली नाही. उत्तमराव मग गाडीला टेकून उभे राहिले.

बनाबाई खाली वाकली आणि टाकलेली रोपं गोळा करायला लागली. अकरा होती. वरून सगळी हिरवीगार, टवटवीत. तिने स्वतः ती गिऱ्हाइकांना दिली असती. तिने एकेक उलटं करून पाहिलं. प्रत्येकाचं मूळ, वावरात कधीच धरलं नसतं असं, आतल्या आत वळलेलं होतं.