पोटातली सुटी तोफ

मी एक जुने लढाऊ जहाज आहे. घाबरू नका मित्रांनो, मी पाणी कधी पाहिलेलेच नाही. मी लाकडी प्रतिकृती आहे, आणि खरे सांगायचे तर घाबरलेले मीच आहे.

मला बनवणारा माणूस जन्मभर कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचा. निवृत्त झाल्यावर त्याने मला जेवणाच्या टेबलावर मांडले. घरचे मांडीवर ताट घेऊन जेवू लागले. त्याने माझ्या फासळ्या घासल्या, फळ्या वाफेवर वाकवल्या आणि तोफा डिंकाने चिकटवल्या. आतल्या डेकला पॉलिश करून झाल्यावर डबीत एक तोफ उरलेली त्याला दिसली. पॉलिशवर डिंक धरत नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते. पण कंटाळा आला होता. त्याने ती तशीच दाबून बसवली आणि वरचा डेक लावून टाकला.

मग माझे दोर आले. ते त्याच्या बायकोने बांधले. त्याचे हात कापत, म्हणून क्रोशाच्या सुईने एकेक गाठ तिने मारली. त्यात तिचे डोळे गेले असे मी म्हणणार नाही, ते वयाने गेले. पण जी काही नजर उरली होती, ती माझ्यावर खर्च झाली. येणारे-जाणारे वाहवा करत ती त्याची. पितळी पाटीवर नावही त्याचे एकट्याचे. तिला चहा टाकायला सांगत. याचा मला आजही राग येतो.

पुढे वाचनालयाने मला काचेच्या कपाटात ठेवायचे ठरवले. न्यायच्या आदल्या दिवशी त्याने मला उचलले आणि माझ्या पोटात खडखडाट झाला. माझ्या कुशीतल्या एका खिडकीतून डोकावणारे तोफेचे तोंड नाहीसे झाले होते. त्याने चिमटा घालून पाहिला, पण तोफेचा गाडा खिडकीतून निघेना. डेक उघडायचा तर डोलकाठ्या काढायला हव्यात, आणि डोलकाठ्या काढायच्या तर सगळे दोर कापायला हवेत. त्याने कात्री आणली. माझा जीव टांगणीला लागला.

"अहो, काय करताय?"

"तोफ सुटलीये आत. दोर कापतो. तू बांध परत, तुझा हात बसलाय."

"हात आहे हो जागेवर. डोळे गेलेत फिरायला."

"अगं, पण लोक हसतील. एक खिडकी रिकामी दिसतेय."

"मग कापा. पण आधी एक गाठ तुम्ही मारून दाखवा."

"त्यात काय एवढं?" असे म्हणून तो बसला. दोरा तोंडात ओला केला, चष्मा पुसला, दिव्याची मान वाकवली. कात्री माझ्या शेजारीच पडली होती आणि मी तिच्याकडे बघत होते. दुपार गेली. शेवटी पुढच्या डोलकाठीवर एक गाठ बसली, माशी चिकटल्यासारखी. बायकोने गाठींवरून बोट फिरवले आणि तिथे थांबवले. "ही तुमची," ती म्हणाली.

 त्याने कात्री उचलून खणात ठेवली.

आज मी वाचनालयात आहे. ती दोघे आता येत नाहीत. पाटी बदलायचे कुणाला सुचले नाही. मित्रांनो, परवा नवा कारभारी कपाट पुसायला आला, त्याने मला हलवले आणि कान लावला. "आत काहीतरी सुटलंय. उघडून दुरुस्त करू," म्हणाला. तेव्हापासून दाराचा आवाज झाला तरी माझे दोर ताठ होतात.

माझ्या पोटातला आवाज ऐकून मला उघडू नका. दुरुस्तीच्या हौसेने लोक दुसऱ्याचे कष्ट कापून टाकतात आणि वर हात झटकतात. तो पुन्हा आला, तर तुम्ही माझ्याजवळ उभे राहा. त्याच्या हातातली कात्री घ्या आणि दोरा द्या. एक गाठ मारून दाखव म्हणावे.