चूळ

बंगळूरच्या चामराजपेटेतलं घर बळकावायला नरसिंहरावाला दुसरं काही सापडेना, तेव्हा त्याने वहिनीच्या, तुंगाबाईंच्या अब्रूलाच हात घातला. प्रदीपकुमार आपल्या थोरल्या भावाचा मुलगाच नव्हे, असा दावा कोर्टात ठोकला. थोरला हयात असता तर त्याने जीभ हासडून हातात दिली असती. कोर्टाने काका-पुतण्याची डीएनए तपासणी सांगितली.

नेमका त्याच सुमारास बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात प्रदीपच्या मांडीत पत्रा घुसला. दुसऱ्यांचं रक्त चढवून पोर वाचलं.

तपासणीच्या दिवशी नरसिंहराव प्रयोगशाळेत पान चघळत आला. "वहिनी, आता त्याच्या अंगात परक्यांचं रक्त. काय डोंबल कळणार? अर्धं घर लिहून द्या, मी दावा मागे घेतो."

सून अनुषा कानाशी लागली, "अत्ते, तारीख पुढे ढकलू या. रक्त परक्याचंच निघालं तर?"

"विरजण शेजारणीचं आणलं म्हणून दूध शेजारणीच्या म्हशीचं होतं काय गं?" तुंगाबाई कडाडल्या. "तारीख आजचीच. मी काही तोंड लपवायला आले नाही."

नमुने घेणारी श्रीविद्या जयनगरची, घरात मराठीच बोलणारी. ती हसली. "बरोबर आहे, अक्का. चढवलेल्या रक्तानं माणसाची मूळ खूण बदलत नाही. परक्याच्या ज्या थोड्या पेशी येतात, त्या काही दिवसांत जातात. आणि आम्ही रक्त घेतच नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतो. बापाकडून मुलाकडे जाते ती खूण काका-पुतण्यात एकच असते, ती जुळते का बघायचं."

"म्हणजे माझ्या तोंडातून?" नरसिंहराव चघळायचा थांबला.

"दावा तुमचाच ना, अण्णा?"

प्रदीपने लंगडत पुढे होऊन तोंड उघडलं. काडी फिरली, पाकिटात गेली.

"आता मला जरा काम आहे," नरसिंहराव उठला. "पुढच्या आठवड्यात..."

तुंगाबाई दारात उभ्या राहिल्या. "बसा भावजी. ज्या तोंडानं भर कोर्टात मला नावं ठेवलीत, तेच तोंड हवंय त्यांना. दुसरं कुठलं चालायचं नाही."

"पान थुंका, अण्णा," श्रीविद्या म्हणाली, "आणि चूळ भरा."

नरसिंहराव बेसिनकडे वळला. लालभडक पाणी पडलं.

"अजून स्वल्प लाल आहे. परत भरा."

"भरा, भरा," तुंगाबाई पदर खोचत म्हणाल्या. "इतक्या वर्षांची घाण एका चुळीत जायची नाही. मी थांबलेय."