पापणीचा पडदा

खातीपुऱ्यातल्या त्या हॉलमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती आणि सगळ्यांचं लक्ष एकाच डोळ्याकडे, विभाच्या डाव्या. पलकनाथ बाबांनी तिला पुढे खुर्चीवर बसवलं होतं आणि दुकानदार साडीचा पदर दाखवतो तसा ते मोरपिसाने तिचा डोळा दाखवत होते. "देखिए, परदा गिरा हुआ था, परदा. पत्थर की नजर थी. हमने कहा, तिल-तिल करके उठेगी. उठी कि नहीं, बहनजी?"

"उठी," विभा म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. पापणी पडली होती आणि उठलीही होती. खरी गोष्ट दोघींनाच माहीत होती, विभाला आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिच्या मुलीला, ऋचाला. आणि ऋचाला आईने आपलीच शपथ घातलेली, म्हणजे बोलायची सोयच नाही.

झालं होतं असं की संक्रांतीच्या सुमारास विभाने मालवीय नगरात जाऊन भुवयांमधल्या आठ्यांसाठी सुरकुत्यांचं इंजेक्शन घेतलं. नवऱ्यालाही पत्ता नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आज तिथे दाबायचं नाही, चोळायचं नाही आणि निदान काही तास आडवं पडायचं नाही. विभा इतकी शहाणी की आडवी पडली नाहीच, ताठ बसून थेट मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली. आता सवाष्णीने कुंकवाला नको कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. अख्ख्या मंडळाने एकेक करून नेमकं तिथेच बोट टेकवलं. लतामावशी तर कुंकू गोल गोल फिरवून लावतात, कणीक मळल्यासारखं.

आठवडाभरात पापणी अर्ध्यावर आली. कुंकवामुळेच झालं असं डॉक्टरीणबाई छातीठोक म्हणाल्या नाहीत. काळजी घेऊनही कधी कधी होतं म्हणे. पण मंडळात हे सांगणार कोण? विभा म्हणाली, नजर लागली असेल. झालं. मंडळानेच बाबा शोधून दिले.

तर बाबा पदर दाखवत होते, तेवढ्यात दारात गडबड झाली. विभाचे मानसरोवर कॉलनीतले शेजारी सर्जेरावकाका, रिटायर्ड सुभेदार, यांना दोघांनी धरून आत आणलं. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात लोंबतोय आणि एरवी अख्ख्या गल्लीला ऑर्डरी सोडणारा माणूस तोंडात चिखल असल्यासारखा बोलतोय. मागून त्यांची बायको, भागुबाईकाकू. त्या घाबरलेल्या नव्हत्या, हेच तर वाईट होतं.

"आत्ता च्या पिताना झालं बघा," काकू म्हणाल्या. "म्हटलं दवाखान्यात कशाला येळ घालवायचा? विभाताईंचा डोळा आपण बघितलाय की."

बाबांनी काकांना न्याहाळलं. "वही नजर है. बड़ी वाली. सात गुरुवार लगेंगे."

ऋचा फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला. हा मेंदूचा झटका आहे आणि यात गुरुवार नाही, मिनिटं मोजतात, हे तिला कळलं. तिने आईकडे बघितलं. आईने बारीकशी मान हलवली. नको.

"आई, रागाव," ऋचा म्हणाली.

"काय?"

"माझ्यावर रागाव. मी सगळ्यांना सांगणारे."

आई रागावली. खरंच रागावली. नाकपुड्या फुगल्या, डोळे मोठे झाले, दात आवळले, पण कपाळाला काही खबरच नाही. भुवयांच्या मध्ये एक आठी पडेल तर ना. इस्त्रीची चादर. बायका पुढे सरकून बघू लागल्या. लतामावशींनी स्वतः आठ्या घालून दाखवल्या. अशा, विभा, अशा. काही नाही.

बाबा डगमगले नाहीत. "शांति है. साधना की शांति."

विभाने एकदा काकांच्या लोंबत्या हाताकडे बघितलं.

"साधनेची नाही, सुईची," ती म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगून टाकलं, सुई, कुंकू, पापणी, एका दमात. औषधाने कपाळाचा स्नायू ढिला पडतो, त्यातलं थोडं सरकलं तर पापणी उचलणाराही पडतो, आणि असर ओसरला की पापणी आपली आपण उठते. डॉक्टरीणबाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, काही आठवडे लागतील. बाबांनी तेवढे आठवडे मोरपीस फिरवलं. कपाळातला असर ओसरायचाय अजून, तोही ओसरेल आणि आठ्या परत येतील. "काकू, काकांनी घेतलंय का असलं इंजेक्शन?"

"ह्यांनी?" काकू म्हणाल्या. "ह्ये थंडीत पायाला तेल लावंनात."

"मग उठा. काकांचं आपोआप जाणारं नाही."

बाबा शांति, शांति म्हणत राहिले. ऋचाने तोवर गाडी दाराशी आणली होती.

मेंदूत रक्ताची गुठळी होती. ती विरघळवायचं औषध सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं, आणि काका तेवढ्यात पोचले. आता बोलतात, हात अजून हट्टीपणा करतो, ऋचा व्यायाम करून घेते, काका तिलाच ऑर्डरी सोडतात.

मंडळात विभाची यथेच्छ थट्टा झाली, आणि थट्टा करून झाल्यावर अर्ध्या बायकांनी तिला बाजूला घेऊन हळूच डॉक्टरीणबाईंचा नंबर मागितला. तिने दिला. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, सुई घ्या, नका घेऊ, कपाळ तुमचं. घेतलीत तर सांगितलेलं पाळा, त्या दिवशी कुंकवालाही सरळ नको म्हणा, आणि काही बिघडलं तर लपवू नका, डॉक्टरला विचारा. आणि कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली, तर नजर काढू नका, गाडी काढा.